कंपनी फिटिंगच्या शोधात

जुन्या फियाटच्या दुनियेत सध्या एक अदलाबदल चालते. एकाकडे मरून रेक्झीनची, पांढऱ्या पायपिंगची, जाड फोमची सीट असते; कुणीतरी कधीकाळी हौसेनं, रंग निवडून शिवून घेतलेली. डॅशबोर्डवर लाकडी सनमायका चढवलेला असतो, दारांना आतून रंग जुळवून पॅनेल बसवलेली असतात. दुसऱ्याकडे माळ्यावर किंवा गॅरेजच्या मागच्या खोलीत गाडीबरोबर आलेली साधी सीट पडून असते. रंग उडालेला, एका कोपऱ्यात शिवण उसवलेली, पण मूळची. पहिला आपलं सगळं देऊ करतो, वर रोख रक्कम घालतो आणि ती उसवलेली सीट घरी घेऊन येतो. बोहारणीला जुनं देऊन नवं भांडं घ्यायची रीत. इथे सजवलेलं देऊन साधं घ्यायचं आणि वर पैसेही मोजायचे.

ही ‘कंपनी फिटिंग’ एकेकाळी गाडी दारात आल्यावर सगळ्यात आधी बदलायची गोष्ट होती. तिला एवढा भाव कसा आला, याचा इतिहास जवळपास शंभर वर्षांचा आहे आणि त्याचं एक टोक सोलापुरात आहे.

जुळे सोलापूर म्हणजे विजापूर रस्ता आणि होटगी रस्त्याच्या बाजूनं दक्षिणेकडे वाढलेलं नवं शहर. जुन्या पेठांतल्या बोळांत गाडी शिरली तर समोरून येणाऱ्याला मागे सरकावं लागतं; इथे आखीव प्लॉट, सोसायट्या आणि घराखाली पार्किंग. मोटार ही चैन राहिलेली नाही, घरखर्चाचा भाग झाली आहे, अशा काळातली ही वस्ती. या पार्किंगमध्ये आज उभ्या असलेल्या गाड्या आतून सगळ्या सारख्या: करडं किंवा काळं प्लॅस्टिक, साच्यातून निघालेलं, देशभर एकच. पण मोटारीचा कारखाना हिंदुस्थानात उभा राहायलाच हवा, असा ध्यास घेतलेला माणूस याच शहरात जन्मला. 23 नोव्हेंबर 1882 रोजी, हिराचंद नेमचंद दोशी यांच्या घरी. वालचंद हिराचंद.

वालचंदांचं सोलापूर कापसाचं आणि सुताचं होतं. त्यांच्या जन्माच्या थोडंच आधी, 1870च्या दशकात, इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. पुढे तिलाच सगळं गाव ‘जुनी गिरणी’ म्हणू लागलं. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पूर्व भागात वसले. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा, पण वालचंदांचं मन त्यात रमलं नाही. लक्ष्मणराव फाटकांबरोबर बार्शी लाइट रेल्वेचं काम घेऊन ते ठेकेदारीत शिरले आणि तिथून जहाज, विमान आणि मोटार अशा तिन्ही दिशांना गेले. 1919 मध्ये सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. 1940 मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारीसाठी मात्र त्यांना सगळ्यात जास्त थांबावं लागलं. विश्वेश्वरय्यांनी 1930च्या दशकातच मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंदांनी ती उचलून धरली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली, पण इंग्रज सरकारनं हात वर केले. अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या.

त्याआधी गाडीचं ‘आतलं’ हा वेगळाच मामला होता. उंची मोटारींच्या बाबतीत कारखाना फक्त सांगाडा, इंजिन आणि चाकं विकायचा. रोल्स-रॉइस घ्यायची म्हणजे आधी चासी घ्यायची आणि मग बॉडी बांधणाऱ्या वेगळ्या कारखान्याकडे जाऊन लाकूड, चामडं, पडदे, दिवे एकेक करून ठरवायचं. प्रत्येक गाडी आतून निराळी. हिंदुस्थानातले संस्थानिक या धंद्याचे मोठे गिऱ्हाईक होते. कोल्हापूरकरांना त्याची आठवण दर वर्षी ताजी होते: राजाराम महाराजांच्या काळातली भगव्या रंगाची मेबॅक आजही दसऱ्याच्या शाही सोहळ्यात दसरा चौकात येते. अशा गाडीबाबत ‘स्टँडर्ड पार्ट’ हा शब्दच गैरलागू. जे होतं ते मालकाच्या सांगण्यावरून झालेलं.

साच्यातल्या गाड्या आल्या त्या दुसऱ्या वाटेनं. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी कारखाना काढला. परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग इथे जोडायचे आणि एकासारखी एक गाडी बाहेर काढायची. स्वातंत्र्यानंतर नियोजनाची वाट धरलेल्या सरकारनं सांगितलं की नुसती जुळणी चालणार नाही, टप्प्याटप्प्यानं भाग इथेच बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी 1950च्या दशकाच्या पूर्वार्धात गाशा गुंडाळला. कुर्ल्यात प्रीमियर आणि कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स राहिली, मद्रासेत स्टँडर्ड कंपनी. वालचंद एप्रिल 1953 मध्ये गेले. फियाटशी करार होऊन छोटी फियाट 500 कुर्ल्यात जोडली जाऊ लागली होती. पण तिच्या मागोमाग आलेली फियाट 1100, जिनं पुढची चार दशकं गाजवली, ती त्यांना पाहता आली नाही.

ही पहिली 1100 म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. तोंड पुढे आलेलं, पुढचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडणारे. तिच्यामागून एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आल्या आणि 1964 मध्ये 1100 डी, म्हणजे डिलाइट. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसी. बाहेरून नाव बदललं, जाळी बदलली, आत फारसं काही बदललं नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, त्यामुळे पुढे बाकासारखी सलग सीट. पत्र्याचा रंगवलेला डॅशबोर्ड. दाराला काच वरखाली करायचं हँडल आणि पुढे वळवता येणारी तिकोनी काच, जी नेमकी वळवली की एसी नसतानाही वाऱ्याचा झोत छातीवर यायचा.

साधेपणाला कारणं होती. परवान्यामुळे किती गाड्या काढायच्या यावर मर्यादा, आयातीवर बंदी, आणि 1969 मध्ये तर सरकारनं गाड्यांच्या किमतीच ठरवून दिल्या. त्या किमतीवरून प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1971 मध्ये निकाल झाला. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणारं गिऱ्हाईक दारात उभं असताना आणि किंमत वर नेता येत नसताना, सीटचं कापड जरा चांगलं घालावं असं कारखान्याला वाटण्याचं काही कारण उरत नाही. गिऱ्हाईकही सीटसाठी अडून बसणारं नव्हतं. गाडी हातात आली हेच मोठं. मग ती आपलीशी करायचं काम उरायचं ते दुसऱ्या कुणासाठी तरी.

ते काम कुशनवाल्याचं.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या आसपास किंवा गॅरेजच्या रांगेत ‘कुशन वर्क्स’ अशी पाटी असते. एक पत्र्याची शेड, पुढे रेक्झीनच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवलेल्या, आत जाड सुईचं शिलाई मशीन. टांग्याच्या गाद्यांपासून रिक्षाच्या हुडापर्यंत आणि सिनेमागृहाच्या खुर्च्यांपासून मोटारसायकलच्या सीटपर्यंत सगळं इथे होतं. मोटार आली की तो आधी सीट उचकटून बाहेर काढतो. सीटच्या पोटाला तारेच्या रिंगांनी ओढून बसवलेलं कव्हर पकडीनं एकेक रिंग कापत सोडवतो. जुनं कव्हर शिवणीतून उसवून त्याचे तुकडे सपाट पसरले की तोच नव्या कव्हरचा फर्मा. खडूनं आखणी, शिवणीसाठी बोटभर जास्तीचं माप, कापणी. स्प्रिंगांवर काथ्याचा थर, त्यावर सोल्युशन लावून फोम. दोन तुकड्यांच्या सांध्यात दोरी घालून पायपिंग, म्हणजे कड उठून दिसते आणि शिवणीवर ताणही कमी येतो. शेवटी कव्हर उलटं करून सीटवर चढवायचं, हातानं थापटत, गुडघा रोवून, चारही कोपरे ओढत. सुरकुती राहिली तर पुन्हा सोडायचं. उन्हात ठेवलेलं रेक्झीन मऊ होतं आणि नीट ताणून बसतं, म्हणून दुपारची वेळ या कामाला चांगली. सोलापुरात त्या वेळेची कमतरता नाही.

रंग गिऱ्हाईक ठरवायचं. डॉक्टरांना फिकट, सूत व्यापाऱ्याला गडद, नव्या लग्नाच्या घरात लाल-पांढरं. चौकटीची शिवण, पाठीवर उभ्या पट्ट्या, हात टेकायला मधे घडीचा कठडा, पायाखाली काथ्याच्या ऐवजी रबरी मॅट. कंपनीची सीट तशीच राहिलेली गाडी म्हणजे मालकाला हौस नाही किंवा ऐपत नाही, एवढाच अर्थ लोक काढत. उतरवलेलं मूळ कव्हर भंगारात जायचं किंवा कुशनवाल्याकडे फर्मा म्हणून टांगून राहायचं. आज त्याच टांगलेल्या तुकड्यांवरून जुन्या फियाटच्या सीटचं खरं माप काढलं जातं, ही त्या कारागिरांची मोठी कामगिरी आहे.

सरकारी गाडीची तऱ्हा वेगळी. तिथे हौस चालत नाही, पण बसणाऱ्याचा मान तर दिसला पाहिजे. म्हणून हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसडरच्या मागच्या सीटवर पांढरा टर्किश टॉवेल आला. कलेक्टरची गाडी, मंत्र्याची गाडी, झेडपी अध्यक्षाची गाडी: पांढरी ॲम्बॅसडर आणि आत पांढरे टॉवेल, हे चित्र देशभर एकच होतं. त्यामागे सरळ व्यवहार होता. रेक्झीन घाम शोषत नाही. उन्हात उभ्या गाडीत ते तापतं आणि बसल्यावर पाठीला चिकटतं. चाळीस-बेचाळीस अंशांच्या सोलापुरी उन्हाळ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

टॉवेल हे त्याचं उत्तर होतं आणि टॉवेल ही सोलापूरची विद्या. मागावर ताण्याचे दोन रोल लावायचे. एक घट्ट ताणलेला, तो कापडाचा पाया. दुसरा सैल सोडलेला. बाण्याचे धागे काही अंतर राखून घालायचे आणि मग फणीनं एकदम पुढे ठोकायचे, की सैल ताणा वर उचलला जाऊन त्याचे फासे होतात. हेच फासे पाणी पितात. चादरीच्या जकार्ड मागाबरोबर टेरी टॉवेलचे यंत्रमाग सोलापुरात पसरले. या शहराच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या: जुनी गिरणी 1960च्या दशकात, लक्ष्मी-विष्णू 1990च्या दशकात, नरसिंग गिरजी त्यानंतर. पण पूर्व भागातले यंत्रमाग चालत राहिले, आणि सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. मोटारीच्या सीटला हे शहर असंही जोडलं गेलेलं आहे. वालचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यानं गाडीत जे ठेवलं नव्हतं, ते त्यांच्या गावच्या मागांवर विणलं जात होतं.

मुंबईत हौसेचा कळस टॅक्सीवाल्यांनी गाठला. काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या आत छताला छापील कापड, सीटवर फुलाफुलांचं प्लॅस्टिक, डॅशबोर्डवर देव, आरशाभोवती झालर. बाहेरून सगळ्या टॅक्सी कायद्यानं सारख्या. म्हणून आपलं असं काही करायचं तर ते आतच. 2015 मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमानं तरुण चित्रकारांना टॅक्सीची सीट आणि छत हाच कॅनव्हास दिला, तेव्हा त्यांनी टॅक्सीवाल्यांचीच जुनी रीत पुढे नेली होती.

त्याच्या कितीतरी आधी वारं बदललं होतं. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली. तिचा डॅशबोर्ड पत्र्याचा नव्हता, एका साच्यातून निघालेला अखंड प्लॅस्टिकचा होता. पुढे दोन वेगळ्या सीट, गिअर खाली मधोमध. कुशनवाल्याला त्यात हात घालायला जागा कमी होती. काही वर्षं लोकांनी नव्या मारुतीच्या सीटवरचं कंपनीचं पारदर्शक प्लॅस्टिकही काढलं नाही. आतलं कापड खराब होऊ नये म्हणून उन्हाळ्यात त्यावरच घामेजून बसले. कंपनीनं दिलेलं जपायचं, हा विचार मोटारीच्या बाबतीत पहिल्यांदाच आपल्याकडे आला.

दुसऱ्या टोकाला खास काम करून घेण्याची हौसही वाढली. दिलीप छाब्रिया यांनी 1993 मध्ये डीसी डिझाइन सुरू केली आणि मोठ्या गाड्या आतून पूर्ण उकलून त्यांचा दिवाणखाना करण्याचा धंदा मुंबईतून देशभर नेला. मागे दोनच आरामखुर्च्या, लाकडाचा मुलामा, पडदे, टीव्ही. संस्थानिकांच्या काळातली बॉडी बांधणीच नव्या पैशांत परत आली होती.

तिला आता नियमांनी वेसण घातली आहे. गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा बजावलं. चालकासाठी एअरबॅग 2019 पासून आणि पुढे बसणाऱ्या सहप्रवाशासाठीही 2022 पासून सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीची झाली. बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कुशीतच असते. अपघाताच्या क्षणी तिला ठरलेल्या शिवणीतून फाटून बाहेर यायचं असतं. तिच्यावर मजबूत दुहेरी शिवणीचं कव्हर चढवलं तर ती अडते. ज्या भक्कम शिवणीसाठी कुशनवाल्याचं नाव घेतलं जायचं, तीच इथे धोक्याची ठरते. म्हणून नव्या गाड्यांचे जाणते मालकही आज खास करून घेतलेली कव्हरं उतरवून कंपनीची सीट परत मिळवू पाहतात.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत कारण वेगळं आहे. प्रीमियरनं पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबवलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे नाहीशी झाली. हजारो टॅक्सी भंगारात निघाल्या, त्यांच्याबरोबर खाजगी गाड्याही गेल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे जुन्या पार्ट्सचे गाळे काही वर्षं पद्मिनीच्या दारांनी, जाळ्यांनी, हँडलांनी भरलेले असत; आता त्यातलं चांगलं उरलेलं एकेक करून संपतं आहे.

दरम्यान जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल नसलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीला 20 हजार रुपये शुल्क. नियम सीटच्या कापडाबद्दल बोलत नाही, पण रॅलीतले परीक्षक बोलतात. रेक्झीनचा पोत, पायपिंगची जाडी, डॅशबोर्डाचा रंग, हँडलची बनावट, सगळं मूळ आहे का हे पाहिलं जातं आणि त्यावरून गुण मिळतात. 1964 नंतरच्या डिलाइट गाड्या आता या वयाच्या झाल्या. अदलाबदलीचा भाव वाढला तो यामुळे.

या शोधात काही चूक नाही. कुर्ल्याच्या कामगारांनी जोडलेली गाडी जशी निघाली तशी एखादी तरी उरली पाहिजे. तो या देशाच्या उद्योगाचा पुरावा आहे. पण अदलाबदलीत दुसऱ्या बाजूनं जे हरवतं त्याची दखल कुणी घेत नाही. काढून टाकलेली मरून सीट पुन्हा कुठल्या रॅलीत जात नाही. ती कुणी शिवली, कोणत्या गावात, कोणत्या साली, कुणाच्या लग्नाच्या आधी, हे तिच्याबरोबर जातं. परवान्याच्या त्या काळात गिऱ्हाईकाला निवडीचा हक्क कारखान्यानं दिला नव्हता, तो कुशनवाल्यानं दिला. मूळ रूपात राखलेली गाडी त्या काळाचं अर्धंच सांगते, कारण अशा बहुतेक गाड्या त्या काळात तशा राहिल्याच नव्हत्या.

उपाय अवघड नाहीत. सीट बदलण्याआधी जुन्या सीटचे सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, शिवण उसवण्याआधी मापं घ्यावीत, कारागीर हयात असेल तर त्याच्याकडून नाव आणि साल लिहून घ्यावं, आणि तो कागद गाडीच्या आरसी बुकाबरोबर ठेवावा. कव्हर भंगारात न देता गुंडाळून ठेवावं. फर्मा म्हणून ते कुशनवाल्याच्या कामी येतंच. सोलापुरात वालचंदांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून आहे, मारुती आली त्याच सालापासूनचं. तिथे एक पद्मिनी उभी राहावी: पुढची सीट कुर्ल्याहून निघालेली, मागची सोलापुरात शिवलेली, तिच्यावर पूर्व भागातल्या मागावरचा पांढरा टॉवेल, आणि शेजारच्या पाटीवर तिन्ही कामं करणाऱ्यांची नावं.